सहभागी क्रमांक सात

गीताच्या अभ्यासाचं मोठं दुखणं एकच होतं. त्यात आकडे नव्हते.

"अकरा?" संशोधन तपासणाऱ्या नीतिसमितीतले वयस्कर डॉक्टर कागद उलटून बघत म्हणाले, जणू उरलेल्या बायका मागच्या बाजूला छापल्या असाव्यात. "फक्त अकरा पेशंट?"

"पेशंट नाहीत सर. पेशंटना घरी सांभाळणाऱ्या त्यांच्या बायका."

"तेच ते. अकरा म्हणजे काय सँपल झालं? माझ्या मुलीच्या लग्नात आचारीच अकरा होते."

सगळे हसले. गीताही हसली. अशा खोलीत न हसणारा माणूस उद्धट ठरतो.

"सर, ह्या पद्धतीत माणसं थोडी घ्यायची असतात आणि पुष्कळ ऐकायचं असतं."

"आणि ऐकून?"

"लिहायचं."

"आणि लिहून?"

 शेवटी तिच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडमनी खालच्या आवाजात तेलुगूत काहीतरी समजावलं, आणि समितीने मान डोलावली. अट एकच. कुठल्याही बाईचं नाव, गल्ली, घर, काही म्हणजे काही ओळखू येता कामा नये.

"ते तर पहिलं, सर," गीता म्हणाली.

गीता छत्तीस वर्षांची. आजोबा भिवाजी देगलूरकडचे. हैदराबादला आले आणि एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड पुसायला लागले. आजी सखू त्याच दवाखान्यात चादरी धुवायची. नात नर्स झाली, आणि मग विद्यानगरपासून थोडं पुढे असलेल्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. घरात आईशी बोलणं मराठीत, शेजाऱ्यांशी भांडण तेलुगूत, आणि धाकट्या अमरदीपशी चालणाऱ्या गप्पा कुठल्या भाषेत, ते त्या दोघांनाच ठाऊक. मराठी वाचताना ती अजून जोडाक्षरापाशी अडखळायची. ऐकताना मात्र एक शब्द खाली सांडू द्यायची नाही.

कॉलेजात कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, आणि पीएच.डी. हातात पडायची तर एक तरी लेख बाहेर छापून यायला हवा. तो सगळा सरकारी मामला झाला. विषय मात्र तिचा स्वतःचा होता. भिवाजी आजोबांची स्मृती गेली तेव्हा शेवटची चार वर्षं ते सखूआजीलाच विचारायचे, "बाई, तुम्ही कुठल्या वॉर्डाच्या?" आजी काहीतरी वॉर्ड सांगायची आणि जेवायला वाढायची. तिला तेव्हा काय वाटत होतं, हे घरात कुणी विचारलं नाही. गीतानेही नाही. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिची परीक्षा होती.

म्हणून तिने ठरवलं, स्मृती गेलेल्या नवऱ्याला घरात सांभाळणाऱ्या, हैदराबादेतल्या मराठी बायकांना विचारायचं. तुमचा दिवस कसा जातो? बस्स, एवढाच प्रश्न. बाकी त्या बोलतील.

सातव्या होत्या कुसुमताई.

चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. कुसुमताई एकाहत्तर वर्षांच्या, बुटक्या, हातात सतत काहीतरी पुसायचं फडकं. त्यांचे यजमान हिम्मतराव वीज खात्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, शेतीवाडीवाल्यांचं, पण इकडे येऊन पन्नास वर्षं झालेली. एकुलता विकास मियापूरला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. दर रविवारी यायचा.

"चप्पल आत घे गं," दारातच कुसुमताई म्हणाल्या. "बाहेर ठेवलीस तर घालून जातील खाली."

"कोण?"

"कोण म्हणजे? हे!"

खुर्चीतून हिम्मतरावांनी गीताला नीट न्याहाळलं. "लाइनमन आला का?"

"आला, आला," कुसुमताई म्हणाल्या. "वर चढलाय."

"बेल्ट लावलाय?"

"लावलाय हो."

हिम्मतराव समाधानाने छताकडे बघत बसले. कुसुमताई गीताकडे वळल्या. "दिवसातनं वीसदा लाइनमन चढवते मी, आणि वीसदा उतरवते. पगार मात्र खात्याने ह्यांनाच दिला. बस. चहा की नुसतं पाणी?"

गीताने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. परवानगीचा फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. कुसुमताईंनी तो मन लावून ऐकला, देवळात पोथी ऐकावी तसा, आणि सही केली.

"आणि काकू, तुमचं नाव ह्यात येणार नाही. दुसरं घालायचं."

हा भाग गीताला फार आवडायचा. बाकीचे संशोधक आपल्याच मनाने कसलीतरी नावं चिकटवून देतात. गीताने कुठेसं वाचलं होतं, की नाव ज्याचं त्याला निवडू द्यावं. एवढं तरी त्यांच्या हातात असू दे. मॅडमनीही शाबासकी दिली होती. आधीच्या सहा बायकांनी ह्यात बरीच धमाल केली होती. एकीने आवडत्या नटीचं नाव घेतलं. दुसरीने आपल्या जावेचं. "होऊ दे की तिची बदनामी, मला काय!"

"कुठलंही?" कुसुमताईंनी विचारलं.

"तुम्हाला आवडेल ते. फक्त इथे तुम्हाला कुणी त्या नावाने ओळखत नसावं."

कुसुमताईंनी फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "मग त्रिवेणी लिही."

"वा. छान आहे."

"आहे ना?" त्या म्हणाल्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदा हसल्या.

गीताने वहीत लिहिलं, सहभागी सात, त्रिवेणी. आणि पुढच्या प्रश्नाला गेली.

तीनदा ती त्या घरी गेली. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला सहा तास लागायचे. रविवारभर कानात इयरफोन आणि समोर लॅपटॉप. अमरदीप वैतागायचा. "ताई, किती ऐकशील त्या म्हाताऱ्यांचं? हौलं होतं माणूस, पार येडं!"

"तू गप रे."

"नै, मी काय म्हणतो, दोन ओळींत सांग ना. बायका परेशान आहेत. झालं."

"असं दोन ओळींत झालं असतं तर कमिटीने मला आचाऱ्यांबरोबर बसवलं नसतं."

तिसऱ्या खेपेला कुसुमताईंनी ती गोष्ट सांगितली. हिम्मतराव आत झोपले होते.

"लाइट गेली ना, की हे उठतात. खांब बघायला निघतात. मागच्या साली क्रॉसरोडला सापडले. मधोमध उभे, खांबाकडे बोट करून, आणि दोन्ही बाजूच्या गाड्या ह्यांनी थांबवलेल्या. पोलीस म्हणतो, अम्मा, तुमचेच का? मी म्हटलं, माझेच." त्या थांबल्या. टेबलावरच्या फोनकडे बघितलं. "हे चालू आहे?"

"बंद करू?"

"राहू दे. नाव कुठं माझं आहे त्यात?" त्यांनी आवाज जरा खाली आणला. "गुरुवारी दुपारी जेवणं झाली, की मी ह्यांना पलंगावर बसवते. आणि पायाला सासूबाईंचं जुनं लुगडं बांधते. धुऊन धुऊन मऊ झालंय, वळ उठत नाही. दुसरं टोक पलंगाच्या पायाला. बाहेरून कडी. आणि खाली जाऊन बसमध्ये बसते."

"कुठल्या बसमध्ये?"

"कोठीच्या, त्या मोठ्या बाजाराकडच्या. बायकांना फुकट आहे ना आता. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर झिरोचं तिकीट फाडून देतो. खिडकीशी बसते. कोठीला सगळे उतरले की मी पण उतरते, आणि परत येणाऱ्या बसमध्ये चढते."

"कोठीला काही घेता?"

"काय घेऊ? उतरते नि चढते."

"मग..." गीताला प्रश्न नीट मांडता येईना. "मग जाता कशाला काकू?"

 रेकॉर्डिंगमध्ये नंतर तिथे सतरा सेकंद नुसता पंखा ऐकू येत होता.

"अगं, तिथं कुणी लाइनमन विचारत नाही."

गीतातली नर्स जागी झाली. "काकू, बांधणं बरं नव्हे. पडले तर? रक्त अडलं तर?"

"मग तू बसतेस का? गुरुवारी, दोन ते सव्वातीन?"

गुरुवारी दोन वाजता गीताचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग असायचा.  कुसुमताईंनी उत्तराची वाट बघितली नाही.

"विकासला सांगून बघितलंत?"

"त्याला कळलं की तो ह्यांना सेंटरमध्ये ठेवेल. वाईट नाही गं तो, घाबरट आहे. आणि ह्यांना माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. चार दिवस टिकायचे नाहीत तिथं. तेवढं नको कळायला त्याला. लिही तू खुशाल. पण त्याला नको."

"नाही कळणार," गीता म्हणाली. "शब्द देते."

पहिल्यांदा लेख लिहिला तेव्हा तिने बसचा भाग घातलाच नव्हता. 'काही सहभागींनी थोडा वेळ स्वतःसाठी काढल्याचे सांगितले,' एवढंच एक गुळगुळीत वाक्य. दोन नियतकालिकांनी लेख परत पाठवला. तिसऱ्याने ठेवून घेतला, पण परीक्षकाने शेरा मारला. लेखात बायका कमी बोलतात, लेखिकाच जास्त बोलते. त्यांचे शब्द आणा. वाचकाला त्या खोलीत न्या.

"बरोबर म्हणतोय तो," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडे सोनं आहे आणि तू पितळ दाखवते आहेस. ती बसवाली बाई घाल."

"मॅडम, ते फार खाजगी आहे."

"नाव बदललंय ना? जागा बदल. शहराचा मध्यभाग म्हण. नवऱ्याचं खातं काढून टाक. आणि तिला जाऊन वाचून दाखव. ती नको म्हणाली तर सोड."

गीता गेली. इंग्रजी लेखाचं तिने तिथल्या तिथे मराठी करून ऐकवलं, अडखळत. लुगडं, कडी, खिडकी, झिरोचं तिकीट. कुसुमताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"आणि त्रिवेणी म्हणाली, तिथं कुणी लाइनमन... म्हणजे, तिथं कुणी काही विचारत नाही," गीताने वाचलं. खातं काढल्यावर लाइनमनलाही जावं लागलं होतं.

"पुन्हा वाच."

"कुठलं?"

"तेच. 'त्रिवेणी म्हणाली.'"

गीताने पुन्हा वाचलं. कुसुमताईंनी मान हलवली. "राहू दे तसंच."

लेख जानेवारीत आला. इंटरनेटवर, कुणालाही फुकट वाचता येईल असा. गीताने तो उघडून तीनदा वर-खाली केला. पहिल्या दहा दिवसांत तो तेरा वेळा उतरवून घेतला गेला, आणि त्यातली चार वेळा ती स्वतःच होती.

"तेरा?" अमरदीप उसळला. "दोन वर्षं घासलीस आणि तेरा लोक? थांब, टाकतो मी ग्रुपवर."

"कुठल्या ग्रुपवर? नको रे."

"नक्को काय? टाकलं पण."

हैदराबादच्या मराठी मंडळींचा तो ग्रुप. पावणेसहाशे माणसं. एरवी त्यावर सुप्रभात, वधूवर आणि मोतीबिंदूची शिबिरं चालायची. 'आपल्या हैदराबादच्या गीताताईंचे संशोधन परदेशी नियतकालिकात! आपल्याच मराठी भगिनींच्या व्यथा!' खाली लिंक. सकाळभर फुलं आणि हात जोडलेले. साडेदहाला विकासचाही अंगठा आला. गीताला बरंच वाटलं. मुलाला आईचं कौतुक नसलं तरी आईच्या पाहुणीचं आहे.

दीड वाजता त्याचा फोन आला. ती वर्गात उशांचे अभ्रे बदलायला शिकवत होती.

"गीता मॅडम, मी विकास. चिक्कडपल्लीचे हिम्मतराव, त्यांचा मुलगा."

"हो, हो, बोला ना."

"त्रिवेणी कोण आहे?"

गीताने पाठ केलेलं उत्तर दिलं. "लेखातली सगळी नावं काल्पनिक आहेत. कोण कोण आहे ते मी सांगू शकत नाही, तो नियम..."

"त्रिवेणी माझ्या आईचं नाव आहे."

वर्गातल्या मुली अभ्र्यात कोंबलेले हात तसेच ठेवून तिच्याकडे बघत होत्या.

"तुमच्या आईचं नाव कुसुम आहे," गीता म्हणाली.

"ते माझ्या बापाने ठेवलं. लग्नात. त्याच्या आधी ती त्रिवेणी होती. मामाकडे तिला तसंच म्हणायचे. तुम्हाला काय वाटलं, मी ओळखणार नाही?" आणि मग त्याचा आवाज फाटला. "बांधते ती त्यांना? मी दर रविवारी जातो तिथं. दर रविवारी! त्या लुगड्याच्या घडीवर बसून पोहे खाल्ले आहेत मी. आणि तुम्ही, नर्स ना तुम्ही? तुम्हाला इतके दिवस ठाऊक होतं. तुम्ही मला फोन केला नाहीत, तुम्ही ते छापलंत."

तिने ओढणी तोंडाला लावली. बोलण्यासारखं काही होतं, पण ते सगळं समितीपुढे बोलायचं होतं. मुलापुढे बोलायचं त्यातलं काहीच नव्हतं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात आणि मुलीचं जुनं नाव त्या दिवसापासून माहेरी राहतं, हे गीताने सिनेमात बघितलं होतं, एक-दोन लग्नांत लांबून बघितलं होतं. तिच्या घरी ती रीत नव्हती. आजी देगलूरलाही सखू आणि हैदराबादलाही सखू. आई, मावश्या, सगळ्या जन्मल्या त्याच नावाने म्हाताऱ्या झालेल्या. एका बाईजवळ दोन खरी नावं असू शकतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. अकरा बायकांना तिने विचारलं, नाव काय घालू. एकीलाही विचारलं नाही, हे आणलंत कुठून.

"विचारायला हवं होतं," पद्मजा मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "समितीला कळव. नियतकालिकाला लिही, नाव काढा, तो उतारा काढा. आजच."

"काढतील?"

"नाव बदलतील. उतारा नाही काढणार. तो काढला तर लेखात उरतं काय? आणि खाली दुरुस्तीची टीप लावतील, की सहभागीची ओळख पटण्याचा संभव असल्यामुळे नाव बदललं. म्हणजे ज्याने बघितलं नसेल तोही बघेल."

"आणि ज्यांनी आधीच उतरवून घेतलाय?"

"त्यांच्याकडे तो राहणार."

गीताने पान उघडून आकडा बघितला. दोनशे चौदा. समितीतल्या डॉक्टरांना हवा होता तसा आकडा.

तिने मेल लिहिलं. फार मुद्देसूद लिहिलं; चूक कुठे झाली, कधी लक्षात आली, काय करावं. पाठवल्यावर यंत्राने लगेच उत्तर दिलं, की आपला निरोप पोचला, आठ ते दहा दिवस थांबावं. त्या दिवसांत तिने कुसुमताईंना चौदा फोन केले. एकही उचलला गेला नाही. विकासचा एक संदेश आला. 'आईला भेटायला जाऊ नका. मी विनंती करतोय.' तिने त्याला माफीचा मोठा संदेश लिहिला, लहान केला, मग नुसतं 'बरं' असं पाठवलं.

नवव्या दिवशी नियतकालिकाचं उत्तर आलं, बदल मंजूर. तो गुरुवार होता. तिने तिसऱ्या वर्षाचा वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवला आणि चिक्कडपल्लीला गेली. विनंती मोडायची होती म्हणून नाही. तिथे कुणी जिवंत आहे, नीट आहे, एवढं डोळ्यांनी बघायचं होतं.

कुसुमताईंनी दार उघडलं, तिला बघितलं, आणि एक अक्षर न बोलता मनगट धरून तिला खोलीतून ओढत सरळ स्वयंपाकघरात नेलं. जाताजाता गीताला एवढंच दिसलं, की हिम्मतराव पलंगावर आहेत, पाय मोकळे, आणि समोर टीव्हीच्या वर पांढऱ्या अंड्यासारखं काहीतरी बसवलंय. त्याला एक काळा डोळा.

"इथं दिसत नाही त्याला," कुसुमताई ओट्याशी उभ्या राहून कुजबुजल्या. "बस खाली."

"कॅमेरा?"

"बोलतो पण. दार उघडलं की विकासच्या फोनवर घंटी वाजते. महिनाभर बघतो म्हणालाय. मला जमतंय का. नाही जमलं तर शमशाबादकडं कुठलंसं सेंटर आहे, तिथं ह्यांना. तो जाऊन बघून पण आलाय."

"मग कोठी..."

"कुठली कोठी?" त्या म्हणाल्या. "भाजी पण ह्याच्या बायकोने ऑनलाइन लावून दिलीय. वांगी कसली येतात बघितलीस? बी भरलेली नुसती."

गीता पिठाच्या डब्याला टेकून जमिनीवर बसली. आठवडाभर तिने जे घोकलं होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. "काकू, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. मी शब्द दिला होता तुम्हाला."

"रडू नकोस, आवाज जातो बाहेर." कुसुमताईंनी तिच्या हातात लसणाच्या पाकळ्या दिल्या, सोलायला. "तू काय केलंस? माझंच डोकं चाललं नाही. मी म्हटलं, आई-बाप गेले, दादा गेला, इथं त्या नावानं कोण ओळखतं मला? वहिनी हाक मारायची तेव्हा हा विकास पाच वर्षांचा, मांडीवर लोळत असायचा. त्याच्या कानात ते राहिलं असेल, हे कुणाला सुचणार?"

"दुसरं कुठलंही सांगितलं असतंत तर..."

"तू म्हणालीस, आवडेल ते."

गीता लसूण सोलत राहिली.

"किती जणांनी वाचलं?" थोड्या वेळाने कुसुमताईंनी विचारलं.

"दोनशेच्या वर."

"परदेशातले पण?"

"असतील."

"सगळ्यांनी त्रिवेणी म्हणूनच वाचलं?"

"हो."

कुसुमताईंचा चेहरा असा काही झाला, की गीताने नजर वळवली. "लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं ते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर कुठं नाही. रेशन कार्डावर नाही, बँकेत नाही. आधारवर पण कुसुम."

"काकू, मी ते काढायला सांगितलंय. आज मंजूर झालं. उद्यापासून तिथे 'सहभागी क्रमांक सात' असं येईल. म्हणजे पुढे कुणाला..."

"काढलं?"

"तुमच्यासाठीच."

"आता कशाला?" त्या कुजबुजत होत्या म्हणून, नाहीतर ते ओरडणंच होतं. "ज्याला कळू नये त्याला कळलं. कॅमेरा लागला. बस गेली. आता काय राहिलंय लपवायला? नाव तरी राहू द्यायचंस! मला एकदा विचारलं असतंस तर!"

दुसऱ्यांदा. गीताने दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. ह्या वेळी तर चांगल्या हेतूने, मुद्देसूद मेल लिहून. "चौदा फोन केले मी," ती म्हणाली. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"फोन त्यानं नेलाय. नवा आणून देतो म्हणाला. परत लावता येतं का? दुसरं पत्र पाठव ना. सांग, बाई म्हणते राहू दे."

"नाही ऐकणार काकू. एकदा ओळख उघड झाली म्हटल्यावर ते पुन्हा... तसा नियम आहे."

"कुणासाठी आहे नियम?"

"तुमच्यासाठी," गीता म्हणाली, आणि ते शब्द तिच्याच कानाला इतके विचित्र लागले की तिने हातातली पाकळी खाली ठेवली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. भिंतीतून यावा तसा, जरा घोगरा. "आई? आई, दार कशाला उघडलं होतं?"

कुसुमताईंनी तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि पदराला हात पुसत बाहेर गेल्या. गीताला आतून नुसतं ऐकू येत होतं.

"दूधवाली आली होती रे."

"दुपारी अडीचला?"

"उद्या येणार नाही म्हणून सांगायला."

"बाबा जेवले?"

"जेवले."

"किती?"

"दोन पोळ्या."

"औषध?"

"दिलं."

"पाय दाखव त्यांचे. जरा इकडे कर. हां. आणि स्वयंपाकघरात कुणाशी बोलत होतीस?"

 इतके छोटे प्रश्न, इतकी छोटी उत्तरं. ह्या बाईने तिला तीन दुपारी पुरून उरेल एवढं सांगितलं होतं.

"माझ्याशीच," कुसुमताई म्हणाल्या. "बोलायला काय बंदी आहे का?"

"आई, तसं नाही गं. मला काळजी वाटते म्हणून..." विकासचा आवाज खरोखर थकलेला होता. "बरं. मी आहे चालूच. तू काम कर."

मध्येच हिम्मतरावांनी विचारलं, "लाइनमन आला का?"

"आला," भिंतीकडे बघत कुसुमताई म्हणाल्या. "वरच आहे."

त्या परत स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावरचा लसूण गोळा केला, साली वेगळ्या केल्या. गीता उठायला लागली तशी त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बाहेर पडायचं तर एकच वाट होती, पलंगाजवळून, त्या काळ्या डोळ्यासमोरून.

"आता जाऊ नकोस," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "येताना वाचलीस, तो बघत नव्हता. आता दिसलीस तर महिना कसला, आजच येऊन ह्यांना घेऊन जाईल. चार वाजता त्याची मीटिंग असते. तेव्हा नाही बघत."

गीताने घड्याळ बघितलं. पावणेतीन झाले होते. कुसुमताईंनी तिच्यापुढे लसणाचे आणखी दोन गड्डे ठेवले, आणि तोंडाशी बोट नेऊन तिला गप्प राहायची खूण केली.